तहातलं लग्न, गोष्टीतलं प्रेम: राजकन्येला ‘नाही’ म्हणता यायला हवं का?

नदीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी एक कादंबरी लिहितेय. वाचक डोळ्यांसमोर आहेत ते साधारण १५ ते २० वर्षांचे. काल्पनिक राज्यं, थोडी जादू, आणि मधोमध तहापोटी ठरलेलं राजघराण्यातलं लग्न. असल्या गोष्टी मी अधाशासारख्या वाचत आलेय, त्यामुळे त्यातली वळणं अंगवळणी पडली आहेत. भांडणारी दोन राज्यं, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले दोघं, तुटक वागणारा राजकुमार, बोलायला तिखट राजकन्या, वादळात सापडलेला काफिला आणि सराईत उरलेली एकच खोली, मग विषप्रयोग, मग कबुली. मला ही वळणं मनापासून आवडतात. म्हणूनच लिहायला घेतलं.

गोष्ट अशी आहे. नदीचा उगम डोंगरी राज्याच्या ताब्यात. खालच्या सपाटीवरच्या राज्याकडे मिठागरं. अकरा वर्षं लढाई, मग तह, आणि तहाचं पहिलंच कलम म्हणजे हे लग्न. ती १८ ची, तो २० चा. लग्नात दोघांच्या मनगटांवर मंतरलेला दोर बांधतात. कुणी शपथ मोडली तर नदी आटते. शिवाय तो दोर दोघांना एकमेकांकडे ओढतो. लांब गेलं की छातीत कळ येते, जवळ आलं की शांत वाटतं.

बाराव्या प्रकरणात ती त्याच्या प्रेमात पडते. कच्चा खर्डा तिघींना वाचायला दिला होता. एकीला ते प्रकरण फार आवडलं. दुसरीला वाटलं, फार उशीर केला. तिसरीने समासात एकच ओळ लिहिली होती: ‘ती नाही म्हणाली असती तर?’

मी उत्तर लिहायला बसले आणि हात थांबला. नाही म्हणाली असती तर नदी आटली असती, सगळी सपाटी तहानेने मेली असती. म्हणजे तिला नाही म्हणताच येत नव्हतं. मग तिच्या ‘हो’ला अर्थ काय उरला? तीन आठवडे झाले, त्या पानापुढे सरकलेले नाही. तुम्ही असल्या कादंबऱ्या वाचता, काही जण लिहिताही. तुम्हाला हे खटकतं का? की मी उगाच गुंता करतेय?

पुस्तकवेडी

ताई, मी १९ वर्षांची आहे, म्हणजे तुमच्या नेमक्या वाचकांपैकी. मला खटकत नाही. खरं सांगते, मी या गोष्टी का वाचते ते. बाकीच्या प्रेमकथांत शेवटपर्यंत धाकधूक असते, हा सोडून जाईल का, तिसरीच कुणी मध्ये येईल का. इथे लग्न पहिल्याच प्रकरणात होऊन जातं. आता दोघं जाणार कुठे? एका छताखाली राहायचं, एका मेजावर जेवायचं, दरबारात हात धरून उभं राहायचं आणि आत मात्र एकमेकांचा राग. त्या बंद खोलीत हळूहळू काहीतरी वितळतं, ते वाचायला मला आवडतं. त्याने तिचं पुस्तक पडलेलं उचलून ठेवलं, पान न हरवता. एवढ्यावर मी अख्खी रात्र जागू शकते. स्लो बर्न तो हाच. कृपया तो आनंद काढून घेऊ नका.

अर्धविराम

पुस्तकवेडीशी सहमत, पण दोर मला खटकला. लग्न तहाचं असणं वेगळं आणि मन ओढणारी जादू असणं वेगळं. तह माणसाला एका खोलीत आणून सोडतो. आत आल्यावर काय वाटायचं ते त्याचं त्याच्याकडे राहतं. दोर मात्र वाटण्यातच हात घालतो. ती त्याच्याजवळ गेल्यावर शांत होते ती त्याच्या स्वभावामुळे की दोरामुळे? वाचकाला कळणार नाही आणि तिलाही कळणार नाही. हल्ली या प्रकारात नियतीने जुळवलेली जोडी, अंगावर उमटणारी खूण, न तुटणारं बंधन हे सगळं फार दिसतं. लेखकाचं काम सोपं होतं, कारण हे दोघं एकमेकांना का आवडतात ते दाखवावंच लागत नाही. माझं मत: कळ राहू दे, शांतता काढून टाका. लांब गेल्यावर दुखतं, एवढंच. जवळ आल्यावर बरं वाटायचं की नाही ते त्यांच्या वागण्यावर सोडा.

नदीकाठ

अर्धविराम, हे मी वहीत उतरवून घेतलंय. ‘कळ राहू दे, शांतता काढा.’ एवढ्या एका बदलाने चार प्रकरणं पुन्हा लिहावी लागतील आणि तरी मला आनंदच होतोय.

पुस्तकवेडी, तुझा आनंद काढून घेणार नाही. पुस्तक उचलून ठेवण्यासारखं काहीतरी नक्की असेल.

जुनीवही

मी इतिहास वाचणारा माणूस, कादंबऱ्या कमी. पण विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. जरा लांबेल.

तहातल्या लग्नाबद्दल कादंबरीत एक वाक्य असतं, ‘लग्न झालं आणि शांतता आली.’ प्रत्यक्षात अशी लग्नं कलमांवर उभी असत. किती रक्कम, किती हप्त्यांत, हप्ता चुकला तर काय गहाण, नवरा मेला तर ती परत जाणार की राहणार, तिच्यासोबत किती माणसं येणार. ही कलमं म्हणजेच कथानक आहे.

डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली. हुंड्याचे ठरले होते ६०,००० फ्लोरिन, म्हणजे सोन्याची नाणी. त्यातल्या ५०,००० साठी त्याने ऑर्कनी बेटं गहाण टाकली. उरलेले १०,००० रोख द्यायचे होते, तेही जमेनात. जेमतेम २,००० भरले आणि बाकी ८,००० साठी शेटलंड बेटंही गहाण. लग्न १४६९ मध्ये झालं तेव्हा मुलगी १३ वर्षांची होती. पैसे कधीच आले नाहीत आणि १४७२ मध्ये दोन्ही बेटसमूह स्कॉटलंडच्या राज्यात सामील झाले. आता त्या मुलीच्या जागी आपली नायिका उभी करून बघा. सासरच्या दरबारात रोज तिला ठाऊक असणार की आपल्या वडिलांनी आपली रक्कम भरली नाही. आणि बेटांवरची माणसं? त्यांना कुणी विचारलं?

दुसरं उदाहरण स्पेनमधल्या अॅरागॉनच्या कॅथरीनचं. इंग्लंडचा युवराज आर्थर याच्याशी तिचं लग्न लागलं १५०१ मध्ये. १५०२ च्या एप्रिलमध्ये आर्थर वारला. ती १६ वर्षांची विधवा. अर्धी रक्कम आली होती, अर्धी यायची होती. बाप उरलेली देईना, सासरा आलेली सोडेना, आणि मुलगी मध्ये अडकली. सात वर्षं! नोकरांचे पगार द्यायला तिच्याकडे पैसे नसत. १५०७ मध्ये मात्र एक विलक्षण गोष्ट झाली. बापाने तिलाच इंग्लंडच्या दरबारात आपली वकील, म्हणजे राजदूत, नेमलं. म्हणजे जिच्याबद्दल वाटाघाटी चालल्या होत्या, तीच वाटाघाटी करायला बसली. युरोपातल्या राजवकिलांत ती पहिली स्त्री मानली जाते.

नदीकाठ, तुमच्या राजकन्येने तह वाचला आहे का? पूर्ण?

नदीकाठ

जुनीवही दादा, नाही वाचला. माझ्या गोष्टीत तह आहे, पण त्यात काय लिहिलंय ते मलाच नीट माहीत नाही. ‘लग्न झालं आणि शांतता आली’ हे वाक्य जवळपास जसंच्या तसं माझ्या दुसऱ्या प्रकरणात आहे.

शिशिरपान

मला उपाय सोपा वाटतो. राजकुमाराला तो दोर सोडवायची युक्ती सापडते. तो तिला म्हणतो, ‘तू मोकळी आहेस, जा.’ ती जाते, मग स्वतःहून परत येते. वाचक रडतात. हे नेहमीचं असलं तरी मनाला भिडतं आणि ‘नाही’चा प्रश्नही सुटतो.

कंदील

शिशिरपान, मलाही तो प्रसंग आवडतो, पण बघा ना, दार त्याने उघडलं तर किल्ली त्याचीच राहते. त्याने मोकळं केलं म्हणून ती मोकळी. उद्या त्याचं मन बदललं तर? आणि ती परत येते तेव्हा प्रेमाने येते की उपकाराच्या ओझ्याने? आपण वाचताना त्याच्या मोठेपणावर भाळतो आणि तिच्याकडे बघायचंच राहतं. १७ वर्षांच्या वाचणाऱ्या मुलीच्या मनात यातून काय रुजतं, चांगला मुलगा भेटला की सुटका होते? मला ते नको वाटतं.

तिने स्वतः वाट काढावी. जुनीवही म्हणतात तसा तह वाचून.

शिशिरपान

पटलं. असा विचार केला नव्हता.

मुक्तछंद

जरा वेगळं बोलते. आपण सगळे धरून चाललोय की ‘नाही’ म्हणता आलं तरच ‘हो’ खरं. कर्तव्य म्हणून स्वीकारलेली गोष्टही माणूस आपलीशी करू शकतो की. ती १८ वर्षांची आहे, राज्यकर्त्या घरातली आहे, अकरा वर्षं युद्ध बघितलंय. ‘माझ्या एका लग्नाने हे थांबणार असेल तर मी जाते’ असं ती डोळे उघडे ठेवून म्हणाली, तर तिला बिचारी का ठरवायचं? असल्या कादंबऱ्यांत बंडखोर राजकन्याच नायिका होते. जबाबदारी उचलणारी असली की ती मोठी बहीण असते आणि तिसऱ्या प्रकरणात संपते. मला त्या मोठ्या बहिणीची गोष्ट वाचायची आहे.

माझं लग्न ठरवून झालं. राजघराणं वगैरे काही नाही, साधी माणसं आम्ही. कुणी सक्ती केली नव्हती, पण ‘नाही’ म्हणणं सोपंही नव्हतं. प्रेम कधी बसलं असं विचाराल तर तारीख सांगता येणार नाही. एवढं आठवतं की पहिल्या काही महिन्यांत तो मला काही विचारायचा आणि मग थांबायचा. खरंच थांबायचा. मी चटकन ‘चालेल’ म्हटलं तर म्हणायचा, घाई नाही, विचार कर. त्या थांबण्यात मला पहिल्यांदा जागा मिळाल्यासारखी वाटली. ताई, तुमच्या राजकुमाराला थांबायला शिकवा.

पुस्तकवेडी

मुक्तछंद ताई, हे वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही. मला हवा असलेला नायक हाच आहे, फक्त शब्द सापडत नव्हता. त्याने तलवार चालवली नाही तरी चालेल.

अर्धविराम

मुक्तछंद यांच्या मुद्द्याचा मान ठेवून एक भर. कर्तव्य आणि प्रेम ही दोन वेगळी ‘हो’ आहेत. लग्नाला ‘हो’ ती राज्यासाठी म्हणू शकते, आणि तो निर्णय पूर्ण तिचा असू शकतो. घोळ होतो तो पुढे, पहिल्या ‘हो’तच दुसरं आलं असं लेखक धरतो तेव्हा. तहाने तिचं येणं मागितलं होतं. मन तहात नव्हतं. ही रेघ कादंबरीत स्पष्ट असावी, आणि राजकुमारालाही ती दिसावी. लग्नाच्या रात्रीचा प्रसंग या प्रकारात हमखास असतो, तिथेच ती रेघ कळते.

आणि एक. तोही मोहरा आहे हे विसरू नका. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. फक्त त्याला घर सोडावं लागलं नाही, त्याची भाषा, त्याची खोली, त्याचा कुत्रा सगळं जागेवर. दोघंही बांधलेले, पण दोर तिच्या बाजूला जास्त आवळलेला. हे त्याला उशिरा उमगतं असं दाखवलंत तर तो मला फार जवळचा वाटेल.

जुनीवही

भाषेवरून आठवलं. कॅथरीन आणि आर्थर लग्नाआधी एकमेकांना लॅटिनमध्ये पत्रं लिहीत. प्रत्यक्ष भेटले तेव्हा दोघांचे उच्चार इतके निराळे निघाले की बोलणं समजेना, असं सांगितलं जातं. कागदावर ओळख झालेली आणि समोर आल्यावर मुके. कादंबरीकाराला याहून काय हवं?

मुक्तछंद यांच्या मोठ्या बहिणीसाठीही एक आठवण. फ्रान्सची इझाबेला. १३९६ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डशी लग्न झालं तेव्हा सात वर्षांचीही नव्हती, तो २९ चा. सोबत २८ वर्षांचा युद्धविराम ठरला होता. १३९९ मध्ये रिचर्डचं राज्य गेलं, पुढच्या वर्षी तो वारला. नव्या राजाला ती आपल्या मुलासाठी हवी होती. तिने ते होऊ दिलं नाही आणि १४०१ मध्ये फ्रान्सला परतली. अकरा वर्षांची मुलगी. ‘नाही’ म्हणायला जागा नव्हती त्या काळातही कुणीतरी ती काढली.

आणि क्लीव्हज या जर्मन संस्थानाची अॅन. १५४० च्या जानेवारीत इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्याशी लग्न, जुलैत ते रद्द. तिने विरोध केला नाही, त्याबदल्यात घरं, उत्पन्न आणि ‘राजाची लाडकी बहीण’ हा मान पदरात पाडून घेतला आणि १५५७ पर्यंत इंग्लंडमध्येच राहिली. तिची हकिगत एरवी हसण्यावारी नेतात. मला ती फार शहाणी बाई वाटते. लग्न मोडणं म्हणजे हरणं नव्हे, हेही एखाद्या कादंबरीत यावं.

नदीकाठ

काल रात्री हा धागा वाचता वाचता मी तह लिहून काढला. अख्खा, एकवीस कलमांचा. आधी फक्त पहिलं होतं. लिहिताना कळलं की मिठाचा भाव कोण ठरवणार, बांधाची दारं वर्षातून कितीदा उघडायची, सीमेवरची सात गावं कुणाची, हे सगळं मला ठरवायला हवं होतं आणि मी ते ‘राजकारण’ या एका शब्दाखाली झाकून ठेवलं होतं.

एकोणिसावं कलम असं आलं: दहा पावसाळ्यांनंतर तह पुन्हा वाचला जाईल, आणि त्या बैठकीला दोन्ही राज्यांचे वकील हवेत. त्यात कुठेही लिहिलेलं नाही की सपाटीची वकील ती स्वतः असू शकत नाही. दोर शपथेला बांधलाय, शपथ तहाला, आणि तह बदलता येतो. नदी वाचवून दोर सोडवायची वाट तिला इथे सापडते. ती गोष्ट तो तिला देत नाही. तिला समजतं तेव्हा तो खोलीतही नाही.

पण दहा पावसाळे म्हणजे ती २८ ची होईल, आणि माझे वाचक तिथवर कसे यायचे? लढाई थांबून किती वर्षं झाली हे बदलता येईल, किंवा तह आजोबांच्या काळचा करता येईल. बघते.

कंदील

आजोबांच्या काळचा करा. जुना तह, जुनं वचन, मुलगी हवी होती ती या पिढीत जन्मली. तह दर दहा पावसाळ्यांनी वाचायचा, आणि पुढचा दहावा पावसाळा तिच्या लग्नानंतर सहा महिन्यांनी येतो. घड्याळाची टिकटिकही मिळाली.

पण मला दुसरंच विचारायचंय. तुमच्या खर्ड्याच्या पहिल्या प्रकरणात, जे तुम्ही मागे लेखनाच्या धाग्यावर टाकलं होतं, राजकन्येबरोबर एक पाठराखीण निघते. वेण्या घालणारी, गंमतशीर बोलणारी, सगळ्यांना आवडलेली. तिच्या होकाराचा प्रश्न कुणी काढला? राजकन्या १८ ची, ती कदाचित १७ ची. तिचंही घर सुटलं. तिला बदल्यात राज्य नाही, राजकुमार नाही, दोरही नाही. आपण इथे दोन दिवस राजकन्येच्या ‘नाही’वर बोलतोय आणि तिच्या हाताखालच्या मुलीला ‘नाही’ म्हणता येत नाही, ते राजकन्येच्याच हातात आहे.

मुक्तछंद

कंदील, अगदी खरं बोललात.

जुनीवही

ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत, फ्रान्सची पुढची राणी, हिला १७७० च्या मे महिन्यात ऱ्हाइन नदीतल्या एका बेटावर फ्रेंचांच्या हवाली केलं. ती १४ वर्षांची होती. तिच्यासोबत आलेली ऑस्ट्रियन माणसं तिथूनच माघारी फिरली. आपण नेहमी तिच्या बाजूने वाचतो, की बिचारी एकटी पडली. माघारी जाणाऱ्यांच्या बाजूने कधी वाचलं नव्हतं. त्यांच्यात कुणाला घरी जायला मिळतंय म्हणून हायसं वाटलं असेल का, हा विचार आज पहिल्यांदा आला.

पुस्तकवेडी

पण ती पाठराखीण गेली तर राजकन्येशी बोलणार कोण? मला ती फार आवडते. ती राहायला हवी.

अर्धविराम

पुस्तकवेडी, तुला ती राहायला हवीय, राजकन्येलाही हवीय. तिला स्वतःला काय हवंय, ते अजून कुणाला माहीत नाही.

नदीकाठ

चार दिवस आले नाही, कारण लिहीत होते. बारावं प्रकरण काढून टाकलं. त्या जागी आता हे आहे, थोडक्यात सांगते.

राजकन्येला एकोणिसावं कलम सापडलंय. ती आनंदाने वेडी झालीय, रात्रभर कागद काढून बसलीय, आणि पाठराखीण नेहमीप्रमाणे दिवा धरून उभी आहे. पहाटे राजकन्या मान वर करते आणि तिला त्या मुलीचा हात दिसतो. दिव्याच्या वजनाने थरथरणारा. किती वेळ उभी आहेस, असं ती विचारते. उत्तर येतं, ‘तुम्ही बसा म्हणाला नाहीत.’

राजकन्या तिच्या हातातला दिवा घेते, खाली ठेवते, आणि तिला विचारते, तुला घरी जायचंय का? मग मुक्तछंद ताई, ती थांबते. हे थांबणं तिने राजकुमाराकडून घेतलंय, त्याने तिला काही विचारून वाट पाहिली होती त्या आठव्या प्रकरणातून. आपण त्याच्याकडून काही शिकलोय हे तिला त्या क्षणी जाणवतं. प्रेमाबद्दल त्या प्रकरणात एवढंच आहे. पुस्तकवेडी, मला वाटतं तुला ते पुरेल, नाही पुरलं तर सांग.

पाठराखीण लगेच ‘नाही’ म्हणते, सवयीने. राजकन्या अजून थांबलेली. बाहेर घोड्यांना पाणी दाखवायची वेळ होते, अंगणात आवाज सुरू होतात. मग ती मुलगी खाली बसते, पहिल्यांदा तिच्यासमोर बसते, आणि म्हणते, ‘हो. जायचंय.’

तेराव्या प्रकरणात राजकन्या एकटी आहे.